एजंटसाठी ब्राउझर टूलचं वर्णन लिहिताय? या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे ब्राउझर ऑटोमेशनची कामं आता बरीच निघतात. केळीचा व्यापारी असो, जिनिंगवाला असो की ट्रान्सपोर्टवाला, प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर रोज तेच ते फॉर्म भरायचे असतात आणि आता ते एआय एजंटकडून भरून हवे असतात. प्लेराइटवर (कोडने ब्राउझर चालवणारी लायब्ररी) चार टूल, म्हणजे एजंटने वापरायची छोटी फंक्शन्स, लिहायची आणि एमसीपी (एजंटला बाहेरची टूल जोडून देणारा प्रोटोकॉल) सर्व्हरमधून एजंटच्या हाती द्यायची, एवढं पोरं पटकन करतात. टूलचं वर्णन मात्र जाता जाता उरकतात. एजंटला तुमचा कोड दिसत नाही, त्याला दिसतं ते हे वर्णन. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कामांत कोड बहुतेक वेळा ठीक असतो, वर्णन अर्धवट असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टूल काय करतं ते लिहायचं, पण काम झालं की नाही हे कशावरून ओळखायचं ते लिहायचंच नाही.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं उदाहरण सांगतो. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांची आगाऊ नोंद एजंट खरेदीदाराच्या पोर्टलवर करायचा. टूलचं वर्णन एका ओळीचं होतं: ‘फॉर्म भरून जतन करा हे बटण दाबते.’ बरेच दिवस सुरळीत चाललं. मग पोर्टलवाल्यांनी जतन होण्याआधी ‘नोंद नक्की करायची?’ असा कन्फर्म डायलॉग टाकला. प्लेराइटमध्ये डायलॉगसाठी लिसनर (डायलॉग आला की चालणारा कोड) लावलेला नसेल तर डायलॉग आपोआप फेटाळला जातो, म्हणजे ‘रद्द’ दाबल्यासारखंच होतं. एरर येत नाही, टाइमआउटही होत नाही. बटण दाबलं गेलं, टूलने ‘ओके’ परत केलं आणि एजंटने ‘नोंद झाली’ म्हणून कळवून टाकलं. मे महिन्यातलं ऊन, माल भरलेली गाडी गोदामाच्या गेटवर उभी, आणि गेटवाला म्हणतो यादीत नंबरच नाही. दुपारपर्यंत केळी पिवळी पडायला लागली, भाव तुटला. व्यापाऱ्याचा फोन आला, “भाऊ, हा एजंट सरळ खोटं बोलतो हो!”

एजंट खोटं बोलला नव्हता. बटण दाबलं की काम झालं, एवढंच त्याला सांगितलेलं होतं.

आता त्या टूलचं वर्णन असं आहे: ‘नोंद झाली की फॉर्मच्या वर हिरव्या पट्टीत नोंद क्रमांक येतो. तो क्रमांक हाती आल्याशिवाय नोंद झाली असं सांगू नकोस. क्रमांक आला नाही तर बटण पुन्हा दाबू नकोस. आधी आजच्या नोंदी हे पान उघड आणि गाडीचा नंबर शोध.’ शेवटचं वाक्य नसेल तर एजंट पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि एका गाडीच्या तीन नोंदी होतात. टूलनेही ‘ओके’ऐवजी तो क्रमांकच परत करावा आणि डायलॉग आला तर त्यातला मजकूर जसाच्या तसा एजंटपर्यंत पोहोचवावा. काम फसलं तर एमसीपीच्या निकालात त्यासाठी एररची वेगळी खूण असते, ती लावा. फसलेलं काम गोड शब्दांत परत करू नका.

कोड एआयला देऊन वर्णन त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. डायलॉग कोडमध्ये नव्हता, पोर्टलवर होता. पोर्टल स्वतः उघडून, चुकीची माहिती मुद्दाम भरून काय होतं ते बघितल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. लिहून झालं की ते पोर्टल कधीच न पाहिलेल्या सहकाऱ्याला फक्त वर्णन देतो आणि त्याच्याकडून हाताने नोंद करून घेतो. तो जिथे मान वर करून विचारतो, तिथे एक वाक्य वाढवतो.

दुसरी चीड आणणारी सवय म्हणजे ‘पाच सेकंद थांबा’. नवशिक्यांचं काहीही अडलं की हेच औषध. अहो, क्लिक करण्याआधी प्लेराइट स्वतःच बघतो की बटण दिसतंय का, स्थिर आहे का, चालू आहे का, त्याच्यावर दुसरं काही आलेलं नाही ना. मोजून सेकंद थांबू नका, हे त्याच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येही लिहिलंय. यावलच्या दुकानातलं नेट आणि तुमच्या ऑफिसातलं फायबर यांना एकच आकडा कसा पुरेल? वर्णनात सेकंद नको, खूण लिहा: ‘शोध सुरू आहे ही ओळ जाऊन यादी येईपर्यंत थांब.’ आणि ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ असं मोघम तर कधीच लिहू नका. किती वेळा आणि त्यानंतर कोणाला कळवायचं, हे सांगा.

लांबलचक एक्सपाथ (पानावरच्या घटकाचा कोडमधला पत्ता) वर्णनात चिकटवू नका. घटकाची भूमिका (बटण, लिंक वगैरे) आणि त्यावरचं नाव लिहा. नाव मराठीत असेल तर पानावरून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. ‘शेतकऱ्याचे नाव’ यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, एकसंध किंवा ‘र’ला नुक्ता जोडून. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण मजकूर जुळवताना वेगळे निघतात आणि टूल ‘सापडलं नाही’ म्हणून हात वर करतं.

प्लेराइट एमसीपी (प्लेराइटचा तयार एमसीपी सर्व्हर) एजंटला पानाचा मजकुरी आराखडा देतो, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. त्यातले ‘ई१२’सारखे घटकांचे संदर्भ उदाहरणात खरे वाटतील असे देऊ नका. ते त्या स्नॅपशॉटपुरतेच असतात आणि एजंट ते उचलून वापरू शकतो.

ब्राउझर लिनक्स कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या बंदिस्त वातावरणात) चालत असेल आणि त्यात देवनागरी फॉन्ट नसेल तर स्क्रीनशॉटमध्ये नुसते चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट टाका, आणि मजकूर स्क्रीनशॉटवरून नाही तर स्नॅपशॉटवरून वाचायचा, असं वर्णनात स्पष्ट लिहा.

०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे टूलच्या वर्णनात उदाहरणासकट हवं.

आणि उदाहरणात खरा पासवर्ड कधीही नको. लॉगिन साठवलेली स्टोरेज स्टेटची फाइल म्हणजे उघडं लॉगिनच. ती कोडसोबत गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या साठवणारी प्रणाली) चढवू नका.