मुक्या सोबत्यासाठी आजाराआधीची तयारी

सगळ्यात आधी एक वही घ्या. फोनमध्ये नोंदी ठेवल्या तरी चालतील, पण घरातल्या प्रत्येकाला त्या चटकन सापडल्या पाहिजेत. पहिल्या पानावर घरातल्या पाळीव जनावराचं वय, वजन, आधी झालेले आजार आणि कुठल्या औषधाचा त्रास झाला असेल तर त्याचं नाव लिहा. त्याखाली नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आणि रात्री-अपरात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. हा दुसरा नंबर आजच शोधा. धाप लागलेलं जनावर मांडीवर असताना तो शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

दुसरं पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तब्येत ठणठणीत असताना आपलं जनावर कसं असतं, ते या पानावर लिहायचं. मुकं जनावर दुखणं सांगत नाही. मांजर तर ते लपवतंच. त्यामुळे त्याचं रोजचं वागणं, खाणं, श्वास हे सगळं आपल्याला पाठ असेल, तरच बिघाड लवकर कळतो. ते गाढ झोपलं की शेजारी बसा आणि छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास धरून पूर्ण मिनिटभर मोजा. निरोगी कुत्र्या-मांजराचा हा आकडा साधारण ३० च्या आत असतो. झोपेतही तो सतत त्यावर राहू लागला तर हृदय किंवा फुप्फुसं तपासून घ्यायला हवीत. मग ओठ अलगद उचलून हिरडी पाहा. ती ओलसर गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि बोट काढल्यावर २ सेकंदांच्या आत तिचा रंग परत येतो. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघा. अंग हाताला गरम लागतं म्हणून मात्र घाबरू नका. त्यांचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं.

वजन महिन्यातून एकदा. जनावराला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. बरगड्या दिसायला नकोत, पण हात फिरवला की बोटांना लागायला हव्यात. चाचपडूनही सापडत नसतील तर खाणं मोजून द्यायला लागा.

लसीकरणाचं पान सुट्टं ठेवू नका, वहीतच चिकटवा. पिल्लांना लस पुन्हा पुन्हा का द्यावी लागते, हे समजलं की डोस चुकवायचा धीर होत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाच निष्प्रभ करते. ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरते. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरुवात करून दर २ ते ४ आठवड्यांनी, निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात. दुसऱ्या डोसनंतर पिल्लू छान खेळतंय म्हणून थांबणं हा पार्व्होला, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या विषाणूला, दिलेला मोकळा रस्ता आहे. कुत्र्यांना पार्व्हो, डिस्टेंपर, हिपॅटायटिस आणि रेबीज, तर मांजरांना पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस, कॅलिसी आणि रेबीज, या लसी मुख्य. पुढचे बूस्टर कधी, हे डॉक्टरांना विचारून तारखेसकट लिहा. मांजर घराबाहेर जात नाही म्हणून रेबीजची लस टाळू नका. लक्षणं दिसू लागल्यावर त्या आजारावर इलाज उरत नाही.

जंतांचं औषध वजनानुसार असतं, त्यामुळे ताजं वजन हाताशी हवं. गोचिडांसाठी फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत आणि पट्ट्याखाली बोटं फिरवा. गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ ओढा. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजराच्या ते जिवावर बेतू शकतं.

आमच्या बोक्याने एकदा दुपारभर लिटर बॉक्सच्या, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या पेटीच्या, फेऱ्या मारल्या. उकरायचा, बसायचा, कण्हायचा आणि कोरडाच उठायचा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. संध्याकाळी वहीत घरातल्या कुणीतरी केलेली नोंद दिसली: सकाळपासून लघवीचा गठ्ठा (लघवीने भिजून होणारा वाळूचा गोळा) नाही. तसेच त्याला घेऊन धावलो. लघवी तुंबली होती. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, आणि ती पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तो वाचला तो त्या एका ओळीमुळे, असं मी आजही मानते. तेव्हापासून लिटर साफ करताना गठ्ठे मोजल्याशिवाय मी उठत नाही.

आता घर तपासा. आपल्या औषधांचा डबा कपाटात बंद. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेले गोड पदार्थ त्यांच्या तोंडी लागणार नाहीत असे ठेवा. मांजर असेल तर लिलीची फुलं घरात आणूच नका, तिच्या परागांनीही मूत्रपिंडं निकामी होतात. दातांसाठी जनावरांचीच पेस्ट, आपली नको. नसबंदीचं योग्य वय जात आणि आकार पाहून डॉक्टरच सांगतील, पण मादीला गर्भाशयात पू होण्याचा धोका त्याने टळतो, हे लक्षात असू द्या. ससा असेल तर सुकं गवत दिवसभर समोर हवं, कारण त्याचे दात जन्मभर वाढत राहतात.

तपासणीच्या आठवडाभर आधी कॅरियर (जनावराला न्यायची पेटी) उघडा करून घरात ठेवा, आत त्याची नेहमीची चादर घाला. त्या दिवशी वही आणि शौचाचा ताजा नमुना घ्या. खोकला किंवा लंगडणं असेल तर घरीच व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेलं जनावर बहुतेक वेळा खोकतही नाही आणि लंगडतही नाही.