अँटलर ४ : मूळ कोडला धक्का न लावता टोकन स्ट्रीममध्ये मजकूर घालणे

अँटलर हे व्याकरणाचे नियम दिले की कोड वाचणारा पार्सर बनवून देणारं साधन आहे. दुसऱ्याच्या कोडमध्ये भर घालायची असेल तर पार्स ट्री (त्या नियमांनुसार पार्सरने बनवलेली कोडची झाडासारखी रचना) फिरून अख्खा कोड नव्याने छापायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. कॉमेंट आणि मोकळ्या ओळी त्यात हमखास हरवतात. यासाठी अँटलरचा टोकनस्ट्रीमरीरायटर आहे: तो टोकनांच्या (कोडमधल्या शब्द-चिन्हांच्या) रांगेवर, म्हणजे टोकन स्ट्रीमवर, बदल नोंदवतो.

आधी लेक्सर (कोडचे टोकन पाडणारा भाग) बघा. स्पेस आणि कॉमेंटला 'स्किप' असेल तर ते काढून 'हिडन' चॅनल द्या, म्हणजे पार्सर त्यांच्याकडे बघत नाही, पण ती स्ट्रीममध्ये राहतात. स्किप केलेलं टोकन स्ट्रीममध्ये येतच नाही आणि 'रिटर्न क' चं 'रिटर्नक' होतं.

पार्सरला दिलेल्या कॉमनटोकनस्ट्रीमवरच रीरायटर बनवा.

आता खरी अडचण: भर घालणारा कोड नियमात कुठे लिहायचा? नियमाच्या मधल्या ॲक्शनमध्ये (व्याकरणातच लिहिलेल्या कोडमध्ये) 'स्टॉप' टोकन, म्हणजे नियमाचं शेवटचं टोकन, अजून ठरलेलंच नसतं, म्हणून तिथे नको. पार्सिंग पूर्ण होऊ द्या, मग वॉकर (पार्स ट्री फिरणारा) चालवा आणि लिसनरच्या (प्रत्येक नियमापाशी वॉकर ज्याच्या मेथड बोलावतो त्या क्लासच्या) 'एक्झिट' मेथडमध्येच, म्हणजे नियम संपताना चालणाऱ्या, लिहा. 'एंटर'मध्ये (नियमात शिरताना चालणाऱ्या मेथडमध्ये) अजिबात नको. समजा 'अ * ब + क' मध्ये गुणाकाराभोवती 'गुणा(…)' आणि बेरजेभोवती 'बेरीज(…)' हवंय. दोन्ही पदावल्या 'अ' पासूनच सुरू होतात. एकाच टोकनावर दोनदा 'इन्सर्टबिफोर' (टोकनाच्या आधी मजकूर घालणं) केलं की नंतरचा मजकूर पुढे बसतो. 'एक्झिट'मध्ये आतला नियम आधी संपतो, म्हणून 'बेरीज(गुणा(अ * ब) + क)' मिळतं. 'एंटर'मध्ये लिहिलंत तर 'गुणा(बेरीज(अ * ब) + क)'. कंस जुळलेले, कंपायलर गप्प, उत्तर साफ चुकीचं. अशी चूक शोधण्यात अख्खा दिवस जातो.

'रिप्लेस'पासून तर चार हात लांब राहा. आतल्या नियमाने घातलेला मजकूर बाहेरच्या 'रिप्लेस'च्या टप्प्यात (बदलायच्या टोकनांच्या पट्ट्यात), पहिल्या टोकनानंतर, आला की कुठलाही एरर न येता पुसला जातो. अख्खी पदावली बदलण्याऐवजी दोन्ही टोकांना भर घाला. मधलं चिन्ह बदलायचंच असेल तर तेवढं एकच टोकन बदला.

रिकामा जुळू शकणारा नियम असेल तर 'स्टॉप' हे 'स्टार्ट'च्या (नियमाच्या पहिल्या टोकनाच्या) आधीचं टोकन निघू शकतं. तेवढं तपासा.

शेवटी रीरायटरवर 'गेटटेक्स्ट' म्हणा, म्हणजे बदललेला मजकूर मिळेल. तोवर सगळे बदल नुसते नोंदलेले असतात. मूळ टोकनांचे क्रमांक हलत नाहीत, त्यामुळे जागा सरकण्याचा हिशेब ठेवू नका. दोन 'रिप्लेस'चे टप्पे अर्धवट एकमेकांवर आले असतील तर एररही इथेच फुटतो, 'रिप्लेस'च्या ओळीवर नाही. चाचणीत 'अ * ब + क' सारखी ओळ ठेवाच, कारण 'अ + ब * क' मध्ये 'एंटर'ची ही गडबड सुरुवातीच्या टोकनावर दिसतच नाही.