मत पटवून देणारा निबंध लिहिताना या चुका टाळा

नेरुळ-सीवूड्स परिसरातील पाणथळ जागांवर बांधकाम होऊ द्यावे का, हा नवी मुंबईतील विद्यार्थ्याला जवळचा वाटणारा विषय आहे. पण विषय जवळचा असला म्हणजे निबंध पटतोच असे नाही.

पहिली चूक म्हणजे ठाम मताऐवजी सर्वमान्य विधान करणे. 'विकास आणि पर्यावरण यांत समतोल हवा' हे कोणीच नाकारत नाही, त्यामुळे पटवून देण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी 'या पाणथळ जागा निवासी बांधकामासाठी देऊ नयेत' असे लिहिले, की त्याला 'का नाही?' असे विचारणारा वाचक समोर उभा राहतो आणि निबंधाला खरे काम मिळते.

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती लिहिणाऱ्याच्या लक्षातच येत नाही: पुरावा दिला जातो, पण तो मताशी जोडला जात नाही. 'ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणून नेरुळच्या पाणथळ जागा वाचवाव्यात' हे वाक्य पाहा. माहिती अचूक आहे (रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली पाणथळ जागा). तरीही शंकेखोर वाचक म्हणेल, की खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य तर २०१५ मध्येच घोषित झाले आहे आणि या जागा त्याच्या हद्दीबाहेर आहेत, मग त्यांचा संबंध काय? ही फट एका वाक्याने बुजते: ओहोटीच्या वेळी फ्लेमिंगो खाडीत उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात, आणि भरतीत तो चिखल पाण्याखाली गेला, की विसाव्यासाठी त्यांना जवळच्याच उथळ पाणथळ जागा लागतात. चरण्याची जागा राखून विसाव्याची जागा बुजवली, तर अभयारण्याचा हेतूच अपुरा राहतो. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतील पंचावयवी, म्हणजे पाच भागांच्या, अनुमानात प्रतिज्ञा (सिद्ध करायचे मत), हेतू (त्याचे कारण) आणि उदाहरण यांच्यानंतर थेट निगमन (निष्कर्ष) येत नाही. मधे 'उपनय', म्हणजे सामान्य नियम प्रस्तुत प्रकरणाला लागू करून दाखवणे, हा स्वतंत्र अवयव आहे. निबंध फसला असेल, तर माझ्या मते सर्वांत आधी हाच अवयव शोधावा.

तिसरी चूक पूर्वपक्षाबाबतची, म्हणजे विरोधी बाजूचे म्हणणे मांडण्याबाबतची. 'काही स्वार्थी लोकांना फक्त पैसा दिसतो' असे लिहिणे म्हणजे प्रतिपक्षाला उत्तर देणे नव्हे. मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठीच १९७० मध्ये सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली आणि घरांची गरज आजही खरी आहे, हे त्या बाजूचे बळकट म्हणणे आहे. ते प्रतिपक्षाच्या माणसालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडावे. त्यानंतर, घरे हवीत हे मान्य करूनही ती याच जागी का नकोत, एवढ्याच मुद्द्यावर उत्तर द्यावे: घरांसाठी दुसरी जागा शोधता येते, खाडीलगतची उथळ पाणथळ जागा दुसरीकडे हलवता येत नाही.

'अत्यंत भयावह', 'हृदयद्रावक' यांसारखी विशेषणे खोडून पाहावीत. ती गेल्यावर परिच्छेद पोकळ वाटला, तर तिथे कारणाची उणीव आहे असे समजावे. समारोपात नवा मुद्दा आणू नये. पाणीटंचाईचा विचार शेवटच्या ओळीत सुचला असेल, तर त्याला पुराव्यासह मधे स्वतंत्र परिच्छेद द्यावा, नाहीतर तो वगळावा.