पाडकामाचा ठेकेदार ठरवताना

तीन ठेकेदारांकडून दरपत्रकं मागवली की आकडे तीन तऱ्हेचे येतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: प्रत्येकाने काम वेगळं धरलेलं असतं. म्हणून आधी कागदावर लिहा. जोत्यापर्यंतच पाडायचं की पायाही उकरायचा? जमिनीखालची टाकी, कुंपणाची भिंत यात धरायची का? खड्डा कशाने भरायचा? राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार? हाच कागद तिघांनाही द्या. जागा न बघता फोनवर भाव सांगणाऱ्याला तिथेच नकार द्या.

नावं हवी असतील तर आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि जुनी दारं-खिडक्या विकत घेणारे व्यापारी यांना विचारा. कोण नीट उतरवतो आणि कोण नुसतं फोडतो, हे या व्यापाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं.

राडारोड्याचा अंदाज स्वतःही काढा. 10 मीटर लांब, 3 मीटर उंच आणि 23 सेंटिमीटर जाड भिंतीत सुमारे 7 घनमीटर वीटकाम असतं. फोडल्यावर ते फुगून 9-10 घनमीटर होतं. उभ्या भिंतीच्या मापाने गाड्यांच्या खेपा धरणारा ठेकेदार शेवटी जादा पैसे मागतो, नाहीतर ढीग तिथेच टाकून जातो.

जागेवर आल्यावर त्याला एवढंच विचारा: सुरुवात कुठून करणार? बांधकाम ज्या क्रमाने झालं त्याच्या उलट, वरून खाली, असं उत्तर यायला हवं. पुढे आलेल्या बाल्कनीचं आणि छज्जाचं काय, हेही विचारा. कित्येकदा मागच्या भिंतीच्या वजनावरच ते तोललेले असतात. ती भिंत आधी काढली की कलंडतात. दुसरा धोका वरच्या मजल्यावर साठणाऱ्या मलब्याचा. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो वापरभार (म्हणजे माणसं, सामान यांचं वजन) धरून केलेला असतो. विटा-काँक्रीटचा जेमतेम 15 सेंटिमीटरचा थरही तेवढा भरतो. मलबा रोजच्या रोज खाली कसा उतरवणार, हे ज्याला सांगता येत नाही त्याला काम देऊ नका. सामाईक भिंत असेल तर टेकू कुठे द्यायचे ते इंजिनिअरने ठरवावं.

पाडण्याची परवानगी कोण काढणार ते करारात लिहा. विम्याची मुदत तपासा. त्यात कामगारांसोबत शेजाऱ्यांचं नुकसानही धरलेलं हवं. वीज आणि गॅस बाहेरच्या जोडणीपासूनच तोडून घ्या. नुसता मेन स्विच बंद केला तरी मीटरपर्यंतची तार जिवंतच राहते. जुन्या सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असलेले खनिज तंतू, असू शकतं. ते फोडायचे नाहीत, तपासून घेऊन जाणकारांकडून ओले करून अखंड उतरवायचे.

भंगाराचा मुद्दा मात्र मोघम ठेवू नका. सळई, गर्डर, लाकूड, फरशी कोणाची? ठेकेदाराची असेल तर दरातून किती वजा केले ते आकड्यात लिहून घ्या. किमती माल आधी निघतो आणि कष्टाचं, बिनकमाईचं पायाचं काम शेवटी उरतं, त्यामुळे अर्धवट सोडून जाण्याचा मोह तिथेच होतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. निदान पाचवा हिस्सा जागा साफ होऊन मलबा टाकल्याच्या पावत्या हाती येईपर्यंत राखून ठेवा. काम सुरू होण्याआधी शेजारच्या भिंतींवरच्या तड्यांचे तारखेसह फोटो काढा, आणि त्यावर शेजारी व ठेकेदार दोघांच्याही सह्या घ्या.