‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला? आधी क्रम बघा
परवा मुलुंडहून भाचीचा फोन: "मामा, लॅपॅक टाकलंय, तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतंय." लॅपॅक म्हणजे मॅट्रिक्सच्या गणितांची तयार लायब्ररी, आणि हा एरर म्हणजे प्रोग्रॅम जोडताना एखाद्या फंक्शनचा कोड सापडला नाही. लायब्ररी होती, पण कमांडमधला क्रम उलटा होता. लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा, कमांड डावीकडून वाचतो आणि स्टॅटिक लायब्ररीतून (जिचा कोड प्रोग्रॅममध्येच कॉपी होतो) तोवर अडलेली, म्हणजे वापरलेली पण अजून न सापडलेली, नावंच उचलून पुढे जातो. फास्ट लोकलमध्ये दादर चुकलं की गाडी काही मागे येत नाही, तसंच. म्हणून आधी आपल्या ऑब्जेक्ट फाइल्स (आपला कंपाइल झालेला कोड), मग लॅपॅक, त्यानंतर ब्लास, म्हणजे मॅट्रिक्सच्या मूळ क्रियांची लायब्ररी. लॅपॅकला ब्लास लागतं. अडलेल्या नावांत ‘जीफोरट्रान’ दिसलं, तर जीसीसी या सी कंपायलरऐवजी जीफोरट्रान या फोरट्रान कंपायलरनेच लिंक करा. ‘कॅनॉट फाइंड’, म्हणजे लायब्ररीची फाइलच सापडत नाही, हे दुखणं वेगळं: उबुंटूवर बहुतेक वेळा नावात शेवटी ‘डेव्ह’ असलेलं, लायब्ररी लिंक करायला लागणारं पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं.