मान कट्ट करणारं रील ग्रुपवर आलं तर काय पाहायचं अन् काय लिहायचं
आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर हे रील कोणी ना कोणी टाकतंच, पेशंट टेबलावर पालथा, एक झटका, कट्ट आवाज अन् माणूस हसत उठतो. हातानं झटका देऊन मणक्यांवर उपचार करायच्या या पद्धतीला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. खाली अर्धे लोक 'पत्ता पाठवा' लिहून राहिले, अर्धे 'सगळी फसवणूक'. कंबर धरून बसलेल्याला दोन्हींचा काही उपयोग नाही.

आधी आवाजाचं बघा. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यात द्रव असतो, सांधा झटकन ताणला की आतला दाब पडतो, वायूची पोकळी होते अन् कट्ट वाजतं, बोटं मोडताना होतं तेच.

मग कमेंटमध्ये एकच विचारा, दीड महिन्यानं कसं आहे? कारण साधी कंबरदुखी बरेचदा काही आठवड्यांत आपली आपणच कमी होते अन् श्रेय शेवटी ज्याच्याकडे गेलो त्याला जातं. कंबरेसाठी कायरोप्रॅक्टिकनं थोडाफार आराम पडतो हे अभ्यासांत दिसलंय, साधारण व्यायामाइतकाच, म्हणून सरसकट 'फसवणूक' लिहू नका. पण त्याच रीलमध्ये दमा, शुगर बरी करतो म्हणत असेल तर तिथंच थांबा. मोठे दावे या पद्धतीत पहिल्यापासून आहेत, 1895 साली अमेरिकेत डॅव्हनपोर्टला पामर नावाच्या माणसानं सुरुवातच केली ती पाठीवर दाब देऊन एकाची ऐकू येण्याची शक्ती परत आणली असं सांगून.

मानेचं मात्र मला फार कळकळीनं सांगायचंय. मानेला जोरात पीळ दिला तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते अन् स्ट्रोक येऊ शकतो, क्वचितच होतं पण झालं तर आयुष्यभराचं. कटिंगच्या दुकानात चंपी झाल्यावर मान मोडून देतात ना, तिथं सरळ म्हणा, 'दादा, मानेला हात लावू नका.' अन् रील पाहून घरी एकमेकांच्या माना तर अजिबात मोडू नका.

पत्ता विचारायच्या आधी रजिस्ट्रेशन विचारा. भारतात कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र सरकारी कौन्सिल नाही, पण फिजिओथेरपिस्टची अन् आयुर्वेदाच्या वैद्यांची राज्यात आहे, त्यांच्याकडे नंबर असतो. आयुर्वेदच करायचा असेल तर आपल्या नागपुरात सक्करदऱ्याला सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, तिथं दाखवा. आणि कॅन्सर, डायबिटीस बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानंच मनाई आहे, तसं दिसलं तर भांडत बसू नका, रिपोर्ट करा.

काकूंनी टाकलं असेल तर सगळ्यांसमोर खोडून काढू नका, पर्सनलवर लिहा, 'काकू, तुम्हाला आराम पडला हे चांगलंच झालं, फक्त मानेचं करू देऊ नका, अन् बीपीच्या गोळ्या बंद करू नका.' इतकं मऊ लिहिलं की लोक ऐकतात.

अन् ग्रुपवर कोणी लिहिलं की लघवी अडकली, बसायच्या जागेला बधिरपणा आलाय, पायातला जोर गेला, किंवा मान मोडल्यावर चक्कर येतेय, बोलणं अडखळतंय, तर तिथं उपाय सुचवत बसू नका, त्याला फोन करा अन् नागपुरातली मोठी सरकारी हॉस्पिटलं, म्हणजे मेडिकल कॉलेज, मेयो किंवा मिहानचं एम्स, यातलं जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत लगेच पाठवा.