चौघांचा इंग्रजी लेखनगट: एकमेकांचं लिखाण तपासायचं कसं

आधी व्याकरणाचं पुस्तक संपवा, रोज इंग्रजी पेपर वाचा, दिवसाला दहा नवे शब्द पाठ करा. इंग्रजी लिहिता येत नाही म्हटलं की हेच सल्ले मिळतात. मी मराठी माध्यमातली. हे सगळं तीन वर्षं इमानदारीनं केलं. वाचलेलं कळायला लागलं, पण बँकेला चार ओळींचं पत्र लिहायला बसले की पेन तिथेच अडायचं. लिहिणं लिहूनच येतं, आणि लिहिलेलं कुणीतरी मन लावून वाचलं तरच ते सुधारतं. क्लासमध्ये साठ वह्यांच्या गठ्ठ्यात हे होत नाही. चार मित्रमैत्रिणींत होतं. मी आतापर्यंत असे पाच गट चालवले. पहिले दोन मोडले, आणि दोन्ही एकाच पायरीवर मोडले. तिच्याबद्दल सविस्तर सांगते, बाकीचं भराभर.

गट चौघांचाच करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एका टेबलाभोवती बसा. व्हॉट्सॲपवर परिच्छेद टाकत जाऊ, हा बेत करू नका. दुसऱ्या आठवड्यानंतर कुणी वाचत नाही. चौघांचं इंग्रजी सारखं नसलं तरी बिघडत नाही. फक्त ज्याचं जरा बरं आहे त्याला 'सर' करून ठेवू नका. नाहीतर उरलेले तिघं त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

विषय आपल्या आयुष्यातला घ्या. 'शिस्तीचे महत्त्व' किंवा 'मोबाईल: शाप की वरदान' यावरची वाक्यं शाळेपासून पाठ असतात, त्यामुळे हात चालतो आणि डोकं बसून राहतं. त्यापेक्षा डिपॉझिट परत न देणाऱ्या घरमालकाला पत्र लिहा. पुरणपोळीची कृती लिहा. शेवटची एसटी चुकली त्या रात्रीबद्दल लिहा. आमच्या गटात 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट'नं सुरू झालेलं पत्र पुन्हा लिहायला लावतो.

वेळ २० मिनिटं, शब्द साधारण १५०. आयईएलटीएस या परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेत लेखनाच्या पहिल्या प्रश्नाला एवढाच वेळ सुचवतात आणि किमान एवढेच शब्द मागतात, म्हणून हे माप सोयीचं. कागदावर, पेननं लिहा. यूपीएससी मुख्य परीक्षेचा ३०० गुणांचा इंग्रजीचा पेपरही हातानंच लिहावा लागतो. फोन पिशवीत.

आता तपासणं.

पहिल्या गटात माझ्या हातात लाल पेन होतं. एका मैत्रिणीनं आयुष्यात पहिल्यांदा पानभर इंग्रजी लिहिलं होतं. मी त्यावर खुणा करत गेले, प्रत्येक खुणेच्या डोक्यावर बरोबर शब्द लिहीत गेले. तिचं निळं अक्षर दिसेनासं झालं. तिनं कागद घेतला, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला, 'थँक्यू' म्हणाली. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दुसऱ्या गटात मी धसका घेतलेला, म्हणून कुणी कुणाला बोलायचंच नाही असं झालं. प्रत्येक कागदावर 'छान'. तीन महिन्यांनी पहिल्या दिवसाचे कागद काढून बघितले, तर चुका जशाच्या तशा होत्या.

तिसऱ्या गटापासून मी जे करते ते असं. ज्यानं लिहिलंय त्यानंच ते आधी मोठ्यानं वाचायचं. गाळलेलं क्रियापद, राहून गेलेला 'एस', अर्धवट सुटलेलं वाक्य, अशा बऱ्याच गोष्टी त्याच्याच कानाला खटकतात आणि तो स्वतःच दुरुस्त करतो. ऐकणाऱ्यांनी तोवर गप्प बसायचं. हे अवघड जातं, पण बसायचंच.

मग कागद शेजारच्याकडे. त्यानं शिसपेन्सिलीनं, फक्त त्या दिवशी ठरलेल्या एका प्रकारच्या चुकांखाली रेघ मारायची. आज काळ, तर काळच. स्पेलिंग कितीही डोळ्यांत खुपलं तरी हात लावायचा नाही. आणि बरोबर उत्तर कागदावर लिहायचं नाही. याबाबत मी फार कडक आहे. दुसऱ्यानं लिहून दिलेलं वाक्य आपण फक्त बघतो. आपलं वाक्य आपण मोडून पुन्हा रचलं की ते लक्षात राहतं.

रेघ मारल्यावर एकच प्रश्न विचारायचा: 'तुला मराठीत काय म्हणायचं होतं?' एकानं लिहिलं होतं, 'आजी सेड दॅट आय विल नॉट कम टू द वेडिंग.' वाचणारी म्हणाली, 'तू का नाही गेलास लग्नाला?' तो म्हणाला, 'मी गेलो होतो. आजी नाही आली.' त्याच्या डोक्यात 'आजी म्हणाली की मी लग्नाला येणार नाही' हे वाक्य होतं. मराठीत 'की'नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे चालतात. इंग्रजीत 'दॅट' आलं की 'आय' म्हणजे लिहिणारा, आजी नव्हे. त्याला नियम कुणी सांगितला नाही. आपलं वाक्य भलतंच सांगतंय हे त्याला दिसलं, आणि त्यानंच ते 'शी वुड नॉट कम' केलं. ती चूक मी त्याच्या कागदावर पुन्हा पाहिली नाही.

आपल्या बऱ्याच चुका अशा मराठीतून येतात, म्हणून चारही जण मराठी असणं हा मोठा फायदा आहे. 'मी तीन वर्षांपासून पुण्यात राहतो' याचं 'सिन्स थ्री इयर्स' होतं, कारण आपल्याकडे दोन्हींना 'पासून'च. सुरुवात सांगायची असेल तर 'सिन्स' आणि पुढे ते साल, किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर थ्री इयर्स', आणि क्रियापद 'हॅव बीन लिव्हिंग'. 'टोल्ड टू हिम'मधला 'टू' हा 'त्याला'मधला 'ला' आहे. 'मॅरीड विथ' हे '-शी लग्न केलं'मधून येतं. आर्टिकलसाठी मी एक युक्ती वापरते: मराठीत त्या नामाआधी 'तो, ती, ते' लावून बघा. 'एक माणूस आला' इथे 'अ'. पुढच्या वाक्यात 'तो माणूस' म्हणता येत असेल तर 'द'. सगळीकडे नाही चालत, पण सुरुवातीला खूप आधार देते.

वाद झाला तर लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, उघडा, साधी इंग्रजी-मराठी नको. तिच्यात नाम मोजता येणारं की न येणारं ते 'सी' आणि 'यू' या अक्षरांनी दिलेलं असतं, त्यामुळे 'ॲडव्हाइसेस', 'इन्फर्मेशन्स', 'फर्निचर्स' यांचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो.

फोनमधल्या ॲपला अख्खा परिच्छेद देऊन 'सुधारून दे' म्हणू नका. परत येतो तो सफाईदार परिच्छेद तुमचा नसतो आणि त्यातून हाताला वळण लागत नाही. डिक्शनरीनंही मिटलं नाही असं एखादं वाक्य शेवटी विचारा, तेवढंच.

घरी जाऊन तोच मजकूर पुन्हा लिहा, जुना कागद समोर न ठेवता. आपल्या वारंवार होणाऱ्या तीन चुका वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा. पुढच्या बैठकीत पेन उचलण्याआधी प्रत्येकानं आपलं ते पान वाचून दाखवायचं.